पहिला गोळा दर्याचा

पैलगडावरून पहिला गोळा सुटला आणि पाण्यात पडला, तेव्हा आमच्या तटावरचे सगळे हसले.

"आमची तोफ घेतली, पण हात कुठून आणणार?" लखू म्हणाला. लखू म्हणजे आमच्या तोफेत दारू ठासायला गज मारणारा गडी. त्याला प्रत्येक गोष्टीत बोलायची खोड.

मी आणि माझी आये बुरुजाच्या सावलीत दारूच्या थैल्या शिवत बसलो होतो. लढाईच्या दिवसांत गडावरच्या बायांना हेच काम असतं. आयेची सुई थांबली. तिने समुद्राकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. वर तोफेपाशी आमचे हे उभे होते, तेही हसले नाहीत.

"आये," मी म्हटलं.

"शीव गो. टाका सैल राहिला तर दारू सांडेल."

दुसरा गोळा आमच्या टाक्याच्या कठड्यावर बसला. पाणी भरणारा हरबा तिथेच गेला. मग कोणी हसलं नाही.

आता माझे दात गेले, डोळे गेले, जीभ तेवढी जागेवर आहे, म्हणून सांगते. आमचा ऐलगड किनाऱ्याच्या नाकाडावर आणि पैलगड समोरच्या बेटावर. मध्ये समुद्राची चिंचोळी वाट. तिला आम्ही घसा म्हणायचो. घशाच्या आत शांत पाणी, तिथे आमचं सगळं आरमार नांगरलेलं असायचं. आत शिरायचं तर घशातूनच, दुसरी वाट नाही. दोन्ही गडांवर एकेक मोठी तोफ होती. पैलगडावरची थोरली, आमच्याकडची धाकटी. दोघी एका वेळी बोलल्या की मधून मासासुद्धा विचार करून जायचा. पण हे सगळं दोन्ही गड एका धन्याचे असतील तर. त्या वर्षी होळीनंतर गनिमाने बेटाच्या मागच्या बाजूने शिड्या लावून पैलगड घेतला, आणि थोरलीचं तोंड आमच्याकडे वळलं.

त्या थोरलीवर माझे बाबा होते. सिदोजी गोलंदाज म्हटलं की घशाच्या दोन्ही काठांना माहीत. मला पाचवा महिना होता म्हणून आये माझ्याकडे आली होती, नाहीतर तीही तिकडेच असती. पैलगड पडल्यावर तिथून एकही माणूस परत आला नाही. बाबा मेले, की धरले गेले, की फिरले, काही कळायला मार्ग नव्हता.

त्या सकाळी, पहिला गोळा पाण्यात पडला तेव्हा कळलं.

बाबांची एक रीत होती. दिवसाचा पहिला गोळा ते पाण्यात टाकायचे. "पहिला घास देवाला, पहिला गोळा दर्याला," असं म्हणायचे. समोर गनिमाचं गलबत असो नाहीतर नुसता सराव असो, पहिला गोळा मोकळ्या पाण्यात जायचा म्हणजे जायचाच. किल्लेदार लोक चिडायचे, दारू फुकट जाते म्हणायचे. बाबा म्हणायचे, मग दुसरा गोलंदाज बघा. दुसरा कुठे मिळणार होता? आमच्या ह्यांनी तोफेचं काम बाबांच्या हाताखालीच शिकलं. चेला चांगला निघाला म्हणून बाबांनी त्याला जावई करून घेतलं. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, ते सोडा.

दुपारी हे खाली आले. हात दारूने काळे होते. आयेसमोर उकिडवे बसले.

"मामी," हे म्हणाले.

"ठाऊक आहे," आये म्हणाली. "जेवून घ्या."

गडावर बातमी पसरायला काय लागतं? संध्याकाळी मी टाक्यावर गेले तर बाया बाजूला झाल्या. हरबाची बायको तिथे नव्हती, पण तिची जाऊ होती, चिमाकाकी. लहानपणी हिच्या मांडीवर मी बसलेली आहे.

"तुझ्या बापसाला किती दिलं गो गनिमाने?" चिमाकाकी म्हणाली.

मी घागर भरली., डोक्यावर घेतली आणि घरी आले.

त्या दिवसापासून रोज तेच. सकाळी एक गोळा पाण्यात, आणि मग उरलेले आमच्या डोक्यावर. बाबांना आमच्या गडाचा दगडन्‌दगड ठाऊक होता. कुठला तट जुना, कोठार कुठे, सगळं. हेही धाकटीने उत्तर द्यायचे. पण ह्यांचा गोळा थोरलीच्या डावीकडे पडायचा, उजवीकडे पडायचा, खालच्या खडकावर पडायचा. थोरलीवर पडायचा नाही.

लोक कुजबुजायला लागले. सासऱ्याला वाचवतोय म्हणाले. जावई कुणाचा, अन्न कुणाचं, असंही कोणी म्हणालं. लखू आपला बाजू घ्यायला गेला आणि भलतंच बोलून बसला.

"अरे, नेम बरोबर असतो, मी बाजूला उभा असतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "ठकूबाईचं कुंकू बळकट आहे. ती इथे सवाष्ण बसलीय तोवर सिदोजीला गोळा लागणार कसा?"

दोघेतिघे हसले. लखूही हसला. ठकूबाई म्हणजे माझी आये. ती तिथेच थैल्या मोजून देत होती. तिने मान वर केली आणि लखूकडे बघितलं. रागाने नव्हे. एखादा कामाची गोष्ट सांगतो तेव्हा बघावं, तसं.

घरी मी ह्यांना एकटं गाठलं. "खरं सांगा. मुद्दाम चुकवताय का?"

"देवाशप्पथ नाही."

"मग?"

"बत्ती देताना ते दिसतात. इतक्या लांबून माणूस दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण दिसतात." हे हात बघत बसले. "मी चुकवत नाही गो. चुकतोय."

मी विश्वास ठेवला. आजही ठेवते. पण खरं सांगू? नेम चुकला की माझा जीव भांड्यात पडायचा. वर हरबासारखी माणसं मरत होती, आणि मी मनात म्हणायची, चुकला, बरं झालं.

अमावास्या जवळ आली. अमावास्येला उधाणाचं पाणी घशात भरतं, आणि मोठी गलबतं खडकांना न लागता आत येऊ शकतात. गनिमाची गलबतं बाहेर येऊन उभी राहिली होती, आम्हाला तटावरून डोलकाठ्या दिसत होत्या. अमावास्येच्या आदल्या दिवशी किल्लेदार स्वतः आमच्या दारात आला. वाईट माणूस नव्हता तो. पण तेव्हा त्याच्या डोळ्यांना झोप नव्हती.

"भिवजी," तो ह्यांना म्हणाला, "उद्या सकाळी भरतीबरोबर ते शिरणार. थोरली आपल्याला मान वर काढू देणार नाही. तिला आधी गप्प केली तर धाकटी गलबतं अडवील. नाही केली तर आरमार गेलं, आणि आपणही गेलो."

"होय," हे म्हणाले.

"पहिला गोळा ती पाण्यात टाकते. तेव्हा धूर दिसतो. परत भरून तयार होईपर्यंत तुला वेळ मिळतो. त्यात काम झालं पाहिजे."

"होय."

"उद्या चुकलास तर मी चूक समजणार नाही, भिवजी. फितुरी समजेन. फितुराला काय करतात ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक कुणाला नव्हतं? आमच्या गडाच्या पश्चिम टोकाला कडा होता, तिथून लोटून द्यायचे. किल्लेदाराने माझ्या पोटाकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि निघून गेला.

आम्ही तिघं ओसरीवर बसलो. ऊन उतरत होतं. मीच आधी बोलले.

"आपण पळून जाऊ."

"कुठे?" हे म्हणाले. "मागे आरमार, पुढे गनीम."

"मग दुसऱ्या कुणाला तरी नेम लावायला सांगा."

"दुसऱ्याला येत असता तर सांगितलं असतं."

आये खांबाला टेकून बसली होती. तिने विचारलं, "जावईबापू, हात थरथरतो का?"

ह्यांनी हात मांडीखाली घेतले.

"मला बघितलं की थरथरतो का?"

"मामी, तुमच्या कपाळाकडे बघवत नाही," हे म्हणाले आणि रडायला लागले. इतका मोठा बाप्या, लहान पोरासारखा रडत होता. मला काही वाटलं नाही. पोटात पोर हलत होतं तेवढं कळत होतं. एकीकडे बाप, एकीकडे नवरा, आणि माझ्या मनाला नुसती बधिरी आली होती. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, एवढंच.

आये उठली. "भात करते," म्हणाली.

सकाळी उजाडता उजाडता सगळा गड तटावर होता. पाणी चढत होतं. गलबतांनी शिडं उभारली होती. हे धाकटीपाशी उभे होते, बाजूला लखू गज घेऊन, मागे किल्लेदार. मी आणि आये थैल्या घेऊन वर गेलो. आयेने पहाटे डोक्यावरून अंघोळ केली होती, केस ओले होते. कपाळाला कुंकू होतं, रोजच्यापेक्षा ठसठशीत. बायांनी ते बघितलं आणि तोंडं फिरवली.

आयेने थैल्या खाली ठेवल्या आणि ती धाकटीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"ठकूबाई, बाजूला व्हा," किल्लेदार म्हणाला.

ती झाली नाही. तिने उजवा हात वर केला आणि तळव्याने कपाळ पुसलं. एकदाच. मग दोन्ही मनगटं तोफेच्या गाड्यावर आपटली. काचा लखूच्या पायाशी पडल्या. मग गळ्यातलं तोडलं आणि माझ्या हातात दिलं. मी घेतलं. काय करणार, हातच पुढे झाला.

"सिदोजी मेला," आये म्हणाली. उभ्या जन्मात तिच्या तोंडून मी बाबांचं नाव ऐकलं नव्हतं. "जावईबापू, आता तिकडे कोणी नाही. नुसती तोफ आहे. मारा."

लखूचं तोंड उघडं राहिलं. किल्लेदाराने पागोटं सारखं केलं आणि दुसरीकडे बघितलं. चिमाकाकी खाली बसली.

तेवढ्यात थोरली बोलली. गोळा मोकळ्या पाण्यात पडला, रोजच्यासारखा. पैलगडाच्या बुरुजावर धूर उठला.

ह्यांनी धाकटीवर डोळा लावला. खाली पाचर सरकवली, परत बघितलं. ह्यांचा हात थरथरत नव्हता, मी बघत होते. त्यांनी पहिला गोळा दर्याला दिला नाही. शिकवलेलं सगळं केलं, तेवढं नाही केलं. बत्ती दिली.

पैलगडाच्या त्या बुरुजावर आधी धूळ दिसली, मग मोठा जाळ, आणि मग आवाज आला. त्यांची दारू पेटली असणार. तटावर लोक नाचायला लागले. कोणी माझ्या ह्यांना उचललं, किल्लेदाराने खाली उतरवायला लावलं, कारण गलबतं घशात शिरत होती. पुढचं काय सांगायचं? लढाई झाली. धाकटीने पुढचं गलबत घशाच्या मधोमध फोडलं, मागच्यांची वाट बंद झाली. पाणी उतरेपर्यंत चाललं होतं. तोफा नुसत्या बोलत होत्या असं नाही, माणसं ओरडत होती, जळत होती, पोहत होती. मी थैल्या देत होते. आयेही देत होती, बांगड्यांशिवाय तिचे हात मला ओळखू येत नव्हते.

संध्याकाळी आयेने पांढरं नेसलं. सुतक धरलं. मीही लेकीचं सुतक धरलं. गडावर लोक गूळ वाटत होते, आणि आमच्या दारात कोणी आलं नाही. फितुराच्या सुतकाला कोण येणार?

पावसाच्या तोंडावर आमच्या माणसांनी पैलगड परत घेतला. पहिल्या होडीने लखू परत आला, तो धावतच आमच्या दारात.

"सिदोजीकाका जिते आहेत," तो म्हणाला. "एक पाय गेलाय. दारू पेटली तेव्हा कठड्यावरून खाली फेकले गेले."

मी आयेकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आणि फितूर नाहीत ते," लखू म्हणाला. "आपली धरलेली माणसं गनिमाने तटावर बांधून उभी केली होती. सिदोजीकाका तोफेला हात लावायला नाही म्हणाले की एकाला खाली टाकायचे. दोन टाकली, मग काकांनी बत्ती घेतली. उरलेली सगळी वाचलीत. खाली होडीत आहेत, विचारा."

"बरं," आये म्हणाली.

बाबांना खाटेवर घालून आणलं. चेहरा एका बाजूने भाजलेला, पण डोळे तेच. गडावरचे लोक मागोमाग आले होते, चिमाकाकीही पदर तोंडाला लावून. बाबांनी आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि हसले. मग ह्यांना म्हणाले, "नेम चांगला बसला रे." ह्यांनी खाटेवर डोकं ठेवलं. मग बाबांनी आयेला बघितलं. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळे हात.

"ठके, हे काय?"

आयेने त्यांच्या उरल्या पायावर पाणी घातलं, परक्या पाहुण्याला घालतात तसं.

मग गावाने तोडगे काढायला सुरुवात केली. भटजी म्हणाले, नवरा जिवंत आहे तर दोषच नाही, पाच सवाष्णींकडून ओटी भरून घ्या. जातीतली म्हातारी माणसं आणखी शहाणी. ती म्हणाली, आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, चालतो, मग ठकूबाईने सिदोजीशीच पाट लावावा, म्हणजे प्रश्न मिटला. बाबांना हसू आलं. "मी तयार आहे," म्हणाले. "दुसरेपणाची बायको आणि तीच." मलाही वाटलं, आता आये हसेल.

"मेलेल्याशी पाट लावतात का?" आये म्हणाली.

"अगो, मेलाय कुठे? हा काय बसलाय," मी ओरडले. मला तिचा राग आला होता, तो मी लपवला नाही. "तू ह्यांचा हात थरथरू नये म्हणून पुसलंस. काम झालं. आता लाव ना."

"तेवढ्यापुरतं पुसलं नव्हतं," आये म्हणाली. "मनात वाचव म्हणत वरून पुसलं असतं, तर तुझ्या घरधन्याचा गोळा परत चुकला असता. मग त्याला कड्यावरून टाकला असता, आणि तुझ्या पोराला बाप नसता. मी बरोबर बघून पुसलं. तो मेला असं मी मनातून ठरवलं, तेव्हा लागला."

"पण लागला नाही ना! जगले ना!"

"तो त्याचा जीव. मी माझ्याकडून मारला."

बाबा खाटेवर तसेच पडले होते, त्यांनी डोळे मिटले. परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

ते आमच्याकडेच राहिले. आये त्यांचा पाय बांधायची, भाजलेल्या जागेला तेल लावायची, भाकरी कुस्करून द्यायची. पण नावाने हाक मारायची. "सिदोजीला ताक दे गो," "सिदोजीला उन्हात बसव." आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेणारी ती एकच बाई. बाबा त्या हाकेला ओ द्यायचे. माझा मुलगा झाला, मग मुलगी झाली, त्यांना वाटायचं आजी-आजोबा असेच असतात. ह्यांनी आणि बाबांनी धाकटीची निगा एकत्र राखली, पण त्या सकाळबद्दल एकमेकांत बोलताना मी ऐकलं नाही.

एका सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले. आयेनेच पहिलं बघितलं आणि मला हाक मारली, "आवडे, ये गो, सिदोजीला बघ." आवाज रोजचाच.

बाया आल्या. नवरा गेल्यावर बाईला शेवटचं कुंकू लावतात आणि मग पुसतात, त्यासाठी येतात तशा. चिमाकाकी सगळ्यात आधी आली होती. आता त्या दारात घोटाळल्या, कारण पुसायला काही नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी आत जाऊन माझा करंडा घेऊन आले आणि आयेसमोर बसले. तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

"एकदा लावू दे, आये," मी म्हटलं. "त्यांना तसं जाऊ दे. मग मीच पुसते, तू हात लावू नको."

तिने करंड्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कपाळ पुढे करील.

"नको गो," आये म्हणाली. "एका माणसाला मी किती वेळा मारू?"

मी करंडा मिटला आणि बायांना म्हटलं, इथलं झालेलं आहे, तुम्ही घरी जा.